अलार्म ‘ऑफ’ झाला म्हणजे वाजला की थांबला?

प्रश्न: माझं शिक्षण मराठीतून झालं. इंग्रजी वाचता-लिहिता येतं. गेल्या वर्षभरापासून इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या एका सहकाऱ्याबरोबर काम करते आहे आणि एकाच शब्दजोडीने माझी वारंवार फजिती होते. एकदा तो उशिरा आला आणि म्हणाला, ‘सॉरी, माय अलार्म डिडन्ट गो ऑफ.’ मला वाटलं, याचा अलार्म बंदच होईना, बिचारा रात्रभर जागा असेल. मी विचारलं, झोप झाली का? तो म्हणाला, जरा जास्तच झाली. मग एकदा, ‘माय फोन हॅज बीन गोइंग ऑफ ऑल मॉर्निंग.’ मी माझा चार्जर पुढे केला. आमचं सादरीकरण ‘वेंट ऑफ व्हेरी वेल’ असं कळलं तेव्हा ते रद्द झालं समजून मी हळहळले. शब्दकोश उघडला तर ‘गो ऑफ’चे कितीतरी अर्थ, त्यातले दोन तर चक्क एकमेकांच्या उलट. सगळे पाठ करू का? की माझ्याच डोक्यात गडबड आहे?

ता. क. नव्या अहवालाची मांडणी कशी असावी यावर आमची एक कल्पना ठरली होती. मागच्या आठवड्यात त्याने लिहिलं, ‘आय हॅव गॉन ऑफ द आयडिया.’ तो ती कल्पना घेऊन कामाला लागला असं समजून मीही चार दिवस त्याच मांडणीवर काम करते आहे. बरोबर आहे ना?

– मूड ऑफ झालेली वाचक

उत्तर: आधी एक करा. ते चार दिवसांचं काम आजच्यापुरतं बाजूला ठेवा. का, ते ओघात येईलच.

डोक्यात गडबड वगैरे काही नाही. असती तर माझ्या डोक्यात तुमच्याहून मोठी निघाली असती. अनुवादाची कामं करायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि सुरक्षा-सूचनांची एक पुस्तिका मराठीत करायला आली होती. मूळ वाक्य होतं, ‘व्हेन द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग इमीजिएटली.’ मी झोकात लिहिलं, ‘धोक्याची घंटा बंद होताच इमारतीतून तातडीने बाहेर पडा.’ म्हणजे घंटा वाजतेय तोवर आपापल्या जागी बसा, निवांत धूर घ्या आणि ती दमून थांबली की उठा! मजकूर तपासणाऱ्या बाईंनी रागावून काही लिहिलं नाही. समासात एक प्रश्नचिन्ह होतं आणि त्याच्या शेजारी पेन्सिलने काढलेली एवढीशी ज्वाळा. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

तुमची आणि माझी चूक एकाच जागी झाली. आपल्याला ‘ऑफ’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो बटणावर. पंखा ऑफ कर, टीव्ही ऑफ कर, फोन ऑफ लागतोय. अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ऑफ म्हणजे बंद, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पुढे त्यातूनच आपण ‘मूड ऑफ’ही घडवला. तुमची सही वाचून हसू आलं, कारण तो प्रयोग आपल्याकडचा. इंग्रजीत वाढलेली माणसं सहसा तसं बोलत नाहीत. असो. सांगायचं इतकंच की बटणावरचा अर्थ हा त्या शब्दाचा एक कोपरा आहे आणि आपण त्याच कोपऱ्याला घर समजून बसलो.

मूळ घर वेगळं आहे. ‘ऑफ’ म्हणजे मुळात ‘पासून दूर’. जुन्या इंग्रजीत ‘ऑफ’ आणि ‘चा, ची, चे’ दाखवणारा ‘ऑव्ह’ हे दोन शब्द नव्हतेच. शब्द एकच होता आणि त्यावर जोर देऊन म्हटलं की त्याचा ‘ऑफ’ व्हायचा. दोघांची वाटणी पुरती पक्की व्हायला सतरावं शतक उजाडावं लागलं. आणखी मागे गेलात तर हा शब्द आपल्या नात्यातला निघतो. संस्कृतातला ‘अप’ उपसर्ग, अपहरण किंवा अपसरण यांत दूर नेण्याचा आणि दूर सरण्याचा अर्थ आणणारा, तो आणि ‘ऑफ’ एकाच मुळाचे. गंमत म्हणजे इंग्रजीतला वर नेणारा ‘अप’ आपल्या ‘अप’चा कोणी नव्हे, तो आपल्या ‘उप’चा भाऊबंद. नातेवाइकांनी नावांची अशी अदलाबदल केल्यावर परक्याने गोंधळू नये तर काय करावं!

बटणावरचा ‘ऑफ’सुद्धा या ‘दूर’मधूनच येतो. आतले दोन धातूचे तुकडे एकमेकांपासून दूर झाले, वीज तुटली.

पण ‘गो ऑफ’ कळायला ‘दूर’ हा शब्द पुरत नाही. मला विचाराल तर ‘सुटणे’ हे क्रियापद हाताशी ठेवा. गोळी सुटते, बाण सुटतो, जनावराचं दावं सुटतं. गाडी सुटते तेव्हा काहीतरी सुरू होतं आणि शाळा सुटते तेव्हा काहीतरी संपतं. घाम सुटतो म्हणजे येतो, सवय सुटते म्हणजे जाते. धावतपळत फलाटावर आलेल्या माणसाने ‘गाडी सुटली’ म्हटलं तर ती निघाली आणि त्याची हुकली, हे दोन्ही आपण त्या दोन शब्दांत ऐकतो. कधी अडखळलात? कोणी तुम्हाला ‘सुटणे’चे अर्थ पाठ करायला लावले होते? उलटसुलट अर्थ एकाच शब्दात नांदवायची सवय तुम्हाला लहानपणापासून आहे. फक्त ती सवय मराठीची आहे आणि इंग्रजी बोलताना आपण ती घरी ठेवून निघतो.

आता तुमच्या अलार्मकडे येऊ. जुनं, चावीचं गजराचं घड्याळ कधी उघडलेलं पाहिलंय का? बहुतेकांना दोन चाव्या असायच्या, एक वेळ चालवणारी आणि एक गजराची. रात्री गजराची चावी पिळून ठेवायची. आतली स्प्रिंग अशी पिळलेली असते की तिला कधी एकदा उलगडते असं झालेलं असतं; पण एक बारीकशी पट्टी तिला रोखून धरते. रात्रभर ती तशीच, दात-ओठ खात. ठरलेली वेळ झाली की आतल्या चाकावरची खाच नेमकी जागेवर येते, पट्टी सरकते, अडवलेली हातोडी मोकळी होते आणि घंटेवर दणादण. काय झालं? गजर सुटला. ‘द अलार्म वेंट ऑफ.’ बंदुकीबद्दल हाच प्रयोग इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे: रोखून धरलेलं काहीतरी सुटतं आणि आवाज होतो. बॉम्ब, फटाका, कॅमेऱ्याचा फ्लॅश, धोक्याची घंटा, सगळे या एकाच रांगेतले. आजच्या मोबाइलमध्ये पट्टी नाही आणि हातोडीही नाही, तरी शब्द तोच राहिला. म्हणून तुमच्या सहकाऱ्याचा फोन सकाळभर ‘गोइंग ऑफ’ होता, म्हणजे सारखा वाजत होता, कॉल आणि मेसेज येत होते. त्याला चार्जर नको होता, शांतता हवी होती.

दिव्याचं काय, म्हणाल. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. इथे मराठी ‘सुटले’ म्हणत नाही, पण ‘गेले’ म्हणतेच ना? ‘गो’ म्हणजे तरी दुसरं काय. म्हणजे ‘द लाइट्स वेंट ऑफ अँड द अलार्म वेंट ऑफ’ या एका वाक्यात दिवे गेले आणि घंटा वाजू लागली. इंग्रज माणसाला यात विचित्र काही दिसत नाही, जसं आपल्याला ‘शाळा सुटली आणि गाडी सुटली’ यात दिसत नाही. अर्थ ठरवतो तो कर्ता. जो आवाज करण्यासाठीच तयार ठेवलेला असतो तो ‘गो ऑफ’ झाला की वाजतो किंवा फुटतो. जो चालूच असतो, दिवा, हीटर, पंखा, तो ‘गो ऑफ’ झाला की थांबतो. माझ्या मते तुमच्या निम्म्या फजित्या एवढ्यावर मिटतील.

मग वाजणारा अलार्म थांबला, हे कसं सांगायचं? ‘इट स्टॉप्ड.’ किंवा तुम्ही थांबवलात तर ‘आय टर्न्ड इट ऑफ.’ हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहा: ‘द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ.’ अलार्म वाजला म्हणून मी तो बंद केला. दोन ऑफ, दोन उलटी कामं. शिवाय ‘गो ऑफ’ आपलं आपण होतं, ‘टर्न ऑफ’ कोणीतरी करतं. हा भेद आपल्याला नवा नाही. ‘गोळी सुटली’ आणि ‘गोळी झाडली’ यातला फरक बातमी वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतो. पहिल्यात बोट कोणाचं होतं ते वाक्य सांगतच नाही. ‘द गन वेंट ऑफ’ तसंच, हात झटकून मोकळं. कोणामुळे वाजलं हे सांगायचं असेल तर ‘सेट ऑफ’ लागतं: धुरामुळे अलार्म वाजला, ‘द स्मोक सेट ऑफ द अलार्म.’ इथे चुकून ‘आय वेंट ऑफ द अलार्म’ म्हणू नका. त्याचा अर्थ फार वेगळा होतो, आणि तुमचा ता. क. तिथेच अडकलेला आहे.

तिथे जायच्या आधी उरलेले अर्थ झटकन. माणूस कुठेतरी ‘गो ऑफ’ झाला की निघून गेला. यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी ‘वेंट ऑफ द रोड’, वक्ता ‘वेंट ऑफ टॉपिक’, यांत रस्ता किंवा विषय सोडला. सुटणे झालं, आता सोडणे, बस. दूध ‘गो ऑफ’ होतं तेव्हा नासतं. हा बोलण्यातला प्रयोग मुख्यतः ब्रिटिश, अमेरिकन माणूस तिथे ‘गो बॅड’ म्हणेल. इथे ‘सुटणे’ लावायला जाल तर ओढाताण होईल, तेव्हा नका लावू. कार्यक्रम ‘वेंट ऑफ वेल’ म्हणजे नीट पार पडला. या अर्थाची खूण अशी की त्याच्या मागे जवळजवळ नेहमी एखादं विशेषण किंवा क्रियाविशेषण असतं: वेल, स्मूदली, विदाउट अ हिच. नुसतं ‘द मीटिंग वेंट ऑफ’ कोणी म्हणत नाही. तुम्ही ‘व्हेरी वेल’ वाचलंत, पण ‘ऑफ’ने आधीच इतकं दचकवलं होतं की ते डोळ्यांखालून निसटलं. दचकलेल्या वाचकाचं असंच होतं. माझं ‘लीव्ह द बिल्डिंग’ असंच निसटलं होतं. बंद झालेल्या घंटेसाठी कोण इमारत सोडतं, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

आता ता. क. माणूस कर्ता असेल आणि ‘गो ऑफ’च्या पुढे लगेच दुसऱ्या माणसाचं, वस्तूचं किंवा कल्पनेचं नाव आलं, तर बहुतेक वेळा अर्थ होतो: मनातून उतरणे. काल आवडत होतं, आज नाही. भांडण झालेलं असेलच असं नाही, तिरस्कारही नाही. नुसती ओढ गेली. ‘शी वेंट ऑफ हिम’, तो तिच्या मनातून उतरला. यासाठी मराठीत इतका नेमका शब्दप्रयोग तयार आहे की अनुवाद करताना मला दर वेळी बरं वाटतं. म्हणून ‘आय वेंट ऑफ द अलार्म’ म्हणजे ‘तो अलार्म माझ्या मनातून उतरला’. आणि ‘आय हॅव गॉन ऑफ द आयडिया’ म्हणजे?

कळलं ना, काम बाजूला का ठेवायला सांगितलं ते.

जाता जाता त्याच्या शेजारचा एक खड्डा दाखवते. ‘शी वेंट ऑफ हिम’मध्ये एक ‘ऑन’ घातलात, ‘शी वेंट ऑफ ऑन हिम’, की ती त्याच्यावर तुटून पडली, तिचं तोंड सुटलं. हा प्रयोग अमेरिकेकडचा. मन उतरणं आणि तोंड सुटणं यांत फरक एवढ्याशा ‘ऑन’चा आहे, त्यामुळे घाईत वाचू नका. मला हा अर्थ आवडतो, कारण इथे ‘सुटणे’ पुन्हा कामाला येतं. रोखून धरलेली स्प्रिंग, पट्टी सरकली, दणादण.

यादी पाठ करू का, असं विचारलंत. नको. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सन यांनी आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलं आहे की क्रियापदापुढे असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परदेशी माणसाला सगळ्यात जास्त जड जाते, आणि त्यातल्या काही जोड्या मूळ अर्थापासून इतक्या लांब गेल्या आहेत की कितीही चतुर माणसाला त्यांचा माग लागणार नाही. त्यांचं पहिलं उदाहरणसुद्धा ‘ऑफ’चंच होतं, ‘कम ऑफ’. तेव्हा या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नावही नव्हतं. ते छापून आलं १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लेखनात, आणि त्यांना ते सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. कोशकारांनाच जिथे माग लागेना, तिथे दहा अर्थांची यादी भिंतीवर लावून तुम्हाला काय साधणार? यादी पाठ झाली तरी बोलण्याच्या ओघात त्यातला कितवा अर्थ, ते यादी सांगत नाही.

त्यापेक्षा मी करते ते करून बघा. एक वही ठेवा आणि तिच्यात सुटा शब्द कधीच लिहू नका. वाक्य लिहा, कर्त्यासकट, जसं कानावर पडलं तसं. समोर मराठी वाक्य लिहा, तेही बोलताना वापरता तसं. ‘माय फोन हॅज बीन गोइंग ऑफ’ समोर ‘सकाळपासून फोन नुसता खणखणतोय’. ‘शी वेंट ऑफ हिम’ समोर ‘तो मनातून उतरला’. शब्दकोशातला ‘ध्वनित होणे’ वगैरे लिहाल तर महिन्याने तुम्हालाच ते परकं वाटेल. आठवड्याला एखादं वाक्य मिळालं तरी पुष्कळ, आणि तुमच्याकडे तर एका वर्षात चार जमली आहेत, तीही फजितीसकट. फजितीचं वाक्य विसरत नाही. माझी ज्वाळा बघा.

आणि तुम्ही स्वतः बोलताना-लिहिताना ‘गो ऑफ’ वापरलाच पाहिजे, असं मुळीच नाही. समजायला हवा, वापरायची सक्ती नाही. ‘द अलार्म रँग’, ‘द लाइट्स स्टॉप्ड वर्किंग’, ‘आय डोन्ट लाइक द आयडिया एनीमोअर’ ही उत्तम इंग्रजी वाक्यं आहेत आणि त्यांत कोणी चूक काढणार नाही. सुरक्षेच्या सूचना असतील तर मी उलट आग्रह धरते की साधं क्रियापदच हवं: ‘व्हेन द अलार्म साउंड्स’. तिथे वाचणारा कोणत्या भाषेत वाढला आहे, ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

समोरच्याला विचारायला लाजू नका, एवढं मात्र नक्की. विचारायची पद्धतही सोपी आहे. ‘व्हॉट डू यू मीन?’ असा मोघम प्रश्न नको, त्याने समोरचा तेच वाक्य जरा जोरात पुन्हा म्हणतो. आपल्याला लागलेला अर्थ साध्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवायचा: ‘यू मीन, इट डिडन्ट रिंग?’ तो हो म्हणेल किंवा दुरुस्त करेल. दोन्हीत तुमचाच फायदा.

तर त्याला आजच लिहा: ‘यू मीन, यू डोन्ट लाइक द आयडिया नाऊ?’ चार दिवसांचं काम झालंय, हे दुसऱ्या ओळीत सांगा. त्यावर तो काय म्हणतो ते मला जरूर कळवा. आणि त्यातलं थोडंफार नव्या मांडणीत बसवता येतंय का, हे त्यालाच विचारा. कल्पना त्याच्या मनातून उतरली आहे, तुमच्या नाही.